एचआर विभागाने पर्यावरणासाठी नेमकं काय करावं? (चाकण, वाहनांचे सुटे भाग)

चाकणची_एचआर

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये आहे. कायम आणि कंत्राटी मिळून साडेचारशेच्या आसपास माणसं, तीन पाळ्या, गुरुवारची सुट्टी.

आमचं मोठं गिऱ्हाईक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. त्यांच्याकडून पुरवठादारांसाठी एक लांबलचक प्रश्नावली आली आहे: वीज किती, पाणी किती, कचरा किती, कामगार कामावर कसे येतात, पर्यावरणाचं प्रशिक्षण देता का. वीज-पाणी मेंटेनन्सने घेतलं आणि बाकीचं सगळं "एचआरने एक ग्रीन प्लॅन करावा" असं म्हणून माझ्या टेबलावर आलं.

मीटिंगमध्ये निघालेल्या कल्पना अशा: पगाराच्या स्लिपा आणि रजेचे अर्ज मोबाइल ॲपवर न्यायचे, ५ जूनला दोनशे झाडं लावायची, दिवाळीच्या मिठाईसोबत कापडी पिशवी द्यायची आणि गेटवर "पर्यावरण वाचवा" असा मोठा फ्लेक्स लावायचा.

यातून काही फरक पडेल असं मला वाटत नाही, पण याच्याऐवजी काय, तेही सुचत नाही. मी खेड तालुक्यातली. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस दर वर्षी बघते, म्हणून रकाने भरून हा विषय संपवायची माझी इच्छा नाही. कारखान्यातल्या एचआरच्या हातात खरोखर काय असतं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगावं.

जुना_पर्सोनेल

ताई, मी भोसरी आणि चाकण पट्ट्यात आयुष्यभर हेच काम केलं. आमच्या वेळी खात्याला पर्सोनेल म्हणत आणि त्याचा जीव टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या ऑफिसात असे. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदाचं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. ए-फोरचं ८० जीएसएमचं एक पान पाच ग्रॅमचं, पाचशे पानांचा रीम अडीच किलोचा. नवा माणूस आला की नेमणूकपत्र, पीएफचा फॉर्म ११, नॉमिनेशन, ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ, ईएसआयसीचं डिक्लेरेशन, मेडिकल, सेफ्टीच्या सह्या आणि आधारच्या तीन-तीन झेरॉक्स धरून चाळीसेक पानं होतात. म्हणजे माणशी दोनशे ग्रॅम. ती वाचवावीतच. आधारची एकच प्रत स्कॅन करून ठेवली तरी निम्म्या झेरॉक्स जातात. पण तुमच्या कँटीनमध्ये एका जेवणाला पानात टाकलेला भात बहुधा याच्या कितीतरी पट भरेल. एकदा वजनकाटा ठेवून बघा.

माझ्या मते कारखान्यातल्या एचआरच्या हातात तीन मोठ्या गोष्टी असतात: माणूस कामावर कसा येतो, काय जेवतो आणि किती दिवस टिकतो. तिसरीला पर्यावरणाचा विषय कुणी मानत नाही. मला मात्र तीच सगळ्यात मोठी वाटते, म्हणून तिथून सुरू करतो.

आपल्या पट्ट्यात कंत्राटी पोरं सहा-सात महिन्यांत बदलतात. २४० दिवस भरले की पोरगं कायम होण्याचा दावा करू शकतं, म्हणून ते भरू न देता ब्रेक दिला जातो, म्हणजे कामावरून कमी केलं जातं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. लातूर, नांदेड, बिहारकडून आलेलं पोरगं मशीनवर हात बसवेपर्यंत दीड-दोन महिने जातात आणि त्या काळात रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास झालेला माल, निघतं. हात बसला की ब्रेक. मग नवं पोरगं, नवा युनिफॉर्म, नवे सेफ्टी शूज, नवी मेडिकल आणि पुन्हा रिजेक्शन. एक टन पोलाद तयार होताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आठवड्याला शंभर किलो माल रिजेक्ट झाला, तर दोनशे किलोंहून जास्त धूर आपण बिनकामाचा केला. त्यावर फोर्जिंग, मशीनिंग, हीट ट्रीटमेंटची वीज वेगळी. स्क्रॅप पुन्हा वितळतं हे खरं, पण वितळायलाही ऊर्जा लागते आणि मशीनिंगला गेलेली वीज परत येत नाही.

क्वालिटीवाल्यांकडून रिजेक्शनचे आकडे घ्या आणि आपल्या जॉइनिंगच्या तारखांशेजारी ठेवा. कोणत्या लाइनवर नवी माणसं जास्त आणि तिथे रिजेक्शन किती, हे एका कागदावर दिसेल. तो कागद घेऊन साहेबांकडे जा आणि निदान अवघड मशीनवरची माणसं कायम करा म्हणून सांगा. कामगाराच्या पोटाचा प्रश्न म्हणून ही मागणी आजवर फेटाळली गेली असेल, आता मालाच्या नासाडीचा हिशेबही तिच्यामागे उभा राहील. माणूस टिकला की बूट वाचतात, कपडा वाचतो, कागद वाचतो आणि पोलाद वाचतं. एका घरात दर महिन्याला पगार येतो, ते तर आहेच.

आता बस. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, पेट्रोलचा सुमारे २.३ किलो. मोठी बस लिटरला चार किलोमीटर धरली तर किलोमीटरमागे ६७५ ग्रॅम. पन्नासचं ॲव्हरेज देणारी मोटरसायकल किलोमीटरला ४६ ग्रॅम. बसमध्ये ४५ माणसं असतील तर माणशी १५ ग्रॅम, मोटरसायकलच्या तिपटीने चांगलं. पण तीच बस जनरल पाळीच्या बारा माणसांना घेऊन आली तर माणशी ५६ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकाने स्वतःची गाडी आणली असती तर बरं. त्यातून ती बस त्यांना सोडून रिकामी परत जात असेल, तर एकोणतीस-तीस माणसं बसल्याशिवाय हिशेब जमत नाही.

एवढ्यावरून बस बंद करू नका. नाशिक हायवेवर अवजड गाड्यांच्या मधून मोटरसायकलवर येणारी माणसं आपण गमावलेली आहेत. बस ही आधी सुरक्षेची गोष्ट आहे. करायचं ते असं: ट्रान्सपोर्टवाल्याकडून फेरीगणिक माणसांचा आकडा महिनाभर लिहून घ्या. जिथे बारा-चौदा माणसं आहेत तिथे मोठ्या बसऐवजी सतरा सीटची गाडी लावा. ती लिटरला दहा किलोमीटर देते असं धरलं तर माणशी २२-२३ ग्रॅमवर याल. पहिली पाळी घेऊन आलेली बस आवारातच थांबते की रिकामी भोसरीला जाऊन पुन्हा येते, तेही बघा.

आणि माणसं बस सोडून गाडी का आणतात, हे त्यांनाच विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. तीनला पाळी सुटते, अडीचला सुपरवायझर सांगतो थांब म्हणून, सातला काम संपतं आणि तेव्हा बस नसते. एकदा असा अडकलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून गाडीच आणतो. ओटीची यादी दुपारी बारापर्यंत टाइम ऑफिसला आली पाहिजे असा नियम करा आणि त्या यादीवर सातची गाडी लावा. हे काम एचआरच करू शकतं, कारण हजेरी आणि ट्रान्सपोर्ट दोन्ही आपल्याकडेच असतं.

कँटीनचंही तसंच. कँटीन १९४८च्या कारखाना कायद्यात अडीचशेच्या वर कामगारांना सक्तीचं होतं, नव्या कामगार संहितेत ती मर्यादा शंभरावर आली आहे, म्हणजे आता लहान कारखान्यांचाही हा विषय झाला. ठेकेदार जेवण अंदाजाने टाकतो, कारण कमी पडलं तर बोलणी त्याला बसतात. त्याला आकडा द्या. सकाळचं पंचिंग झालं की अर्ध्या तासात किती माणसं आत आहेत ते कँटीनला गेलं पाहिजे. भात दोन घाण्यांत लावायला सांगा, दुसरा घाणा गरज बघून.

शिवाय कॅलेंडर आपल्याकडे असतं, ठेकेदाराकडे नसतं. आषाढी एकादशीला निम्मी माणसं जेवत नाहीत आणि तरी रोजचा भात शिजतो, हे मी ठिकठिकाणी बघितलंय. त्या दिवशी भात निम्मा करा आणि साबुदाण्याची खिचडी ठेवा. श्रावणी सोमवार, नवरात्र, महाशिवरात्र, रमजानचा महिना. चैत्रात गावोगावच्या जत्रा, गणपतीत कोकणातली माणसं रजेवर. ही सगळी रजेची माहिती आपल्या रजिस्टरमध्ये आधीच असते, फक्त ती स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

चहाचे कागदी कप बंद करा. त्यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, रद्दीवालाही घेत नाही. साडेचारशे माणसं, पाळीत दोन चहा, म्हणजे रोजचे नऊशे कप. स्टीलचे ग्लास आणा, पण ते धुवायला एक माणूस आणि गरम पाणी लागतं, तो खर्च ठेक्यातच लिहा. न लिहिता ठेकेदाराच्या गळ्यात मारलं तर पंधरा दिवसांत कप परत येतील.

फ्लेक्सचं नाव सोडा. त्या पैशातून ग्लास येतील.

हिंजवडी_फेज_३

आमच्याकडे आयटीत चित्र वेगळं आहे, तरी एक सांगते. आम्ही आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं, पण दिवस ज्याचा त्याने निवडायचा ठेवला. झालं असं की रोज प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी माणसं आणि एसी सगळीकडे चालू. नंतर टीमनुसार दिवस ठरवून शुक्रवारी दोन मजले पूर्ण बंद ठेवले, तेव्हा कुठे विजेच्या बिलात फरक दिसला.

सीएनसी_दुसरी_पाळी

मी कामगार आहे, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), युनियनच्या कमिटीतही आहे. वरच्या दादांनी ब्रेकबद्दल लिहिलं ते आमच्या मनातलं आहे. माझ्या शेजारच्या मशीनवर दर सहा-सात महिन्यांनी नवा चेहरा येतो आणि मी पुन्हा पहिल्यापासून ऑफसेट, म्हणजे मशीनच्या हत्याराची मापं जुळवणं, शिकवतो.

मला ॲपबद्दल बोलायचंय. ताई, तुम्ही चांगल्या मनाने करताय, म्हणून आमची बाजू ऐका.

शॉपवर मोबाइल बंदी आहे. गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मग रजेचा अर्ज मोबाइलवर करायचा कधी? जेवणाच्या सुट्टीत गेटवर पळायचं? आमच्याकडे असं ॲप आलं आणि पहिल्या महिन्यात कित्येकांच्या रजा बिनपगारी झाल्या, कारण अर्ज वेळेत पोचला नाही.

स्लिपचं त्याहून महत्त्वाचं. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर तीन महिन्यांच्या स्लिपा लागतात, कंपनीच्या सही-शिक्क्याच्या. कुणाला जामीन राहायचं तरी तेच. तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढताना तेच. मोबाइलमधली स्लिप दाखवली की समोरचा म्हणतो शिक्का कुठाय. मग आम्ही बाहेर दुकानात दहा रुपये पान देऊन प्रिंट काढतो आणि शिक्क्यासाठी पुन्हा टाइम ऑफिसात उभे राहतो. कागद वाचला कुठे? खर्च कंपनीचा होता तो आमचा झाला, एवढंच.

आणि नोकरी सुटली की दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद. दोन वर्षांनी पीएफमध्ये घोळ निघाला तर माणसाने दाखवायचं काय? कंत्राटी पोरांचे तर ठेकेदारच बदलतात.

माझं म्हणणं ॲप नको असं नाही. स्लिप पीडीएफमध्ये प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे ती त्याच्याकडेच राहते. ती मराठीत असू द्या, कपात कशाची ते कळलं पाहिजे. टाइम ऑफिसजवळ एक कॉम्प्युटर ठेवा, पंच कार्ड लावलं की रजेचा अर्ज तिथेच व्हावा. आणि ज्याला लागेल त्याला शिक्का मारलेली प्रिंट फुकट द्या. सगळे मागणार नाहीत. ज्याला कर्ज हवंय तोच मागेल.

सेफ्टीवाला_रांजणगाव

कामगार दादांच्या एकेका ओळीला अनुमोदन. ईएचएसच्या (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा खात्याच्या) बाजूने थोडी भर घालतो.

जुने युनिफॉर्म. लोगो असल्यामुळे बाहेर देता येत नाहीत, म्हणून कापून मशीन पुसायला शॉपवर देतात आणि एचआर ते "पुनर्वापर" म्हणून अहवालात लिहितं. ऑइल लागलेली चिंधी २०१६च्या घातक कचरा नियमांत घातक कचऱ्यात मोडते. ती अधिकृत ठिकाणीच पाठवावी लागते, तिचं वजन आणि कागदपत्रं ठेवावी लागतात. तेव्हा पुनर्वापराचा रकाना भरण्याआधी त्या चिंध्या शेवटी कुठे जातात ते बघा. उपाय सोपा आहे: लोगो शिवून न टाकता काढता येण्यासारखा बिल्ला लावा, म्हणजे चांगला कपडा माणूस घरी शेतात घालेल. आणि दर वर्षी सरसकट दोन जोड देण्याऐवजी फाटला तर बदलून द्या. मात्र हे कमिटीशी बोलूनच करा, कारण दोन जोड हा करारातला हक्क असतो. वाचलेले पैसे कामगाराच्याच खात्यावर, बुटांच्या दर्जावर किंवा कशावर, गेले पाहिजेत.

फ्लेक्स: १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. पर्यावरण दिनाला गेटवर तोच लटकलेला असतो.

झाडं: ५ जूनला आपल्याकडे जमीन तापलेली असते. मृग सात-आठ जूनला लागतो, आणि पाऊस स्थिरावून माती खोलवर ओली व्हायला जुलै उजाडतो. ५ जूनला खड्डे घ्या, शेणखत घाला, फोटो हवा असेल तर खड्ड्यांचा काढा आणि रोपं जुलैत लावा. गुलमोहर, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ नको. करंज, कडुनिंब, बहावा, पळस, जागा मोठी असेल तर वड-पिंपळ. दोनशे लावून पुढच्या जूनपर्यंत वीस उरण्यापेक्षा तीसच लावा आणि निदान तीन उन्हाळे पाण्याची सोय करा. माळ्याच्या कामाच्या यादीत झाडागणिक पाणी लिहा. एचआरला हे जमतं, कारण हाउसकीपिंगचं कंत्राट बहुतेक ठिकाणी एचआरकडेच असतं.

चाकणची_एचआर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ट्रान्सपोर्टचं रजिस्टर काढून बसले. जनरल पाळीच्या एका फेरीत खरंच दहा-बाराच माणसं आहेत आणि गाडी चाळीसच्या वर सीटची. ॲपचं मी थांबवलंय, आधी कमिटीबरोबर बसते.

दोन अडचणी. एक, प्रश्नावलीत "प्रशिक्षणाचे तास" आणि "लावलेली झाडे" असे रकाने आहेत. "टिकवलेली माणसं" असा रकाना नाही. मग ते लिहायचं कुठे? दुसरी, मॅनेजमेंट म्हणतंय की छोटी गाडी लावली तर कंत्राटी कामगारांकडून बसचे पैसे कापू, म्हणजे खर्च निघेल.

जुना_पर्सोनेल

दुसरीचं आधी. कापू देऊ नका. वेतन कायद्यात अशी कपात कुणाच्या मनाला येईल तशी करता येत नाही, कामगाराची संमती लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्या हातात सगळ्यात कमी पगार येतो, त्याच्याच खिशातून पर्यावरणाचा खर्च काढणं अन्याय आहे. शिवाय पैसे कापले की ती पोरं बस सोडून तिघं-तिघं एका मोटरसायकलवर येतील. साहेबांना सांगा की मोठ्या बसऐवजी छोटी गाडी आली की ट्रान्सपोर्टचं बिल तसंही उतरेल. जुना आणि नवा दर शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

पहिलीचं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांसाठी जो जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल आणला, त्यात कामगारांच्या कल्याणाचं आणि पर्यावरणाचं तत्त्व अशी दोन्ही आहेत, आणि कामगार किती टिकतात हे त्यात विचारलेलं असतं. तुमच्या गिऱ्हाइकालाही तो आकडा स्वतःचा द्यावा लागतो. कार्बनच्या हिशेबात कामगारांचा रोजचा प्रवास हा स्कोप ३ मधला, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या इंधन-विजेबाहेरच्या अप्रत्यक्ष उत्सर्जनातला, सातवा प्रकार आहे. तेव्हा प्रवासाच्या रकान्यात बसचा फेरीगणिक आकडा लिहा. प्रश्नावलीच्या शेवटी "इतर माहिती" असा रकाना बहुतेक असतोच. तिथे ज्या लाइनवर माणसं कायम केली त्या लाइनचं आधीचं आणि नंतरचं रिजेक्शन द्या. आधी एकाच लाइनवर करून बघा, सहा महिने जाऊ द्या, मगच आकडा द्या.

झाडांच्या रकान्यात जगलेली झाडं लिहा, लावलेली नकोत.

आणि कँटीनचं वजन या सोमवारपासूनच सुरू करा, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. उष्ट्याच्या पिंपाखाली काटा, शेजारी खडूचा फळा, पाळीगणिक किलो. आकडा कमी-जास्त कसाही येवो, महिनाभर कुणाला बोलू नका, नुसतं लिहा. मग ठेकेदार, कमिटीचे दोघं आणि तुम्ही एकत्र बसा. मला विचाराल तर पहिली सुधारणा भाताच्या दुसऱ्या घाण्यात निघेल. काय निघालं ते इथे कळवा.

सीएनसी_दुसरी_पाळी

ताई, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीचं वजन विसरू नका. ऑफिसची माणसं पाचला घरी जातात आणि रात्रीचं जेवण कुणी मोजत नाही. तिसऱ्या पाळीला भूक कमी असते, तरी ताट तेवढंच वाढतात. तिथे अर्धी पोळीभाजी आणि पहाटे चार वाजता चहाबरोबर पोहे ठेवले तर माणसं खुशीने खातील आणि वायाही कमी जाईल.